सुईखाली दोन मिनिटं

तबकडीच्या पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलंय:
झीसिस तुलूपास, तंबाखूवाला, वय बावीस,
गाव द्रामाच्या वर, डोंगरात.
आवाज मध्यम, थोडा नाकातला.
दात सत्तावीस.
शिक्षणाच्या रकान्यात नुसती एक रेघ.

दात कुणी मोजले असतील?
बाजारात बैल घेताना मोजतात, तसे?
की प्राध्यापकांना खरंच वाटायचं
भाषा दातांतून येते म्हणून?

सोळा सालच्या सप्टेंबरात
त्यांचं दळच्या दळ, गोळी न झाडता,
आगगाडीत बसलं
आणि उतरलं इथे, आमच्या ग्योर्लित्सला.
राजाचा कल एकीकडे, मंत्र्यांचा दुसरीकडे,
मधल्या फटीत काही हजार माणसं.
स्टेशनवर आमच्या लोकांनी स्वागताची पाटी लावली,
ग्रीक अक्षरांत, चुकत माकत.
कैदी म्हणावं तर दुपारी गावात हिंडायची मुभा,
पाहुणे म्हणावं तर बराकीभोवती तार.

माझी आजी ओटिली तेव्हा सतरा वर्षांची,
बेकरीत कामाला. बेकरीत पीठ नव्हतं.
त्या हिवाळ्यात शहर शलगमावर जगलं:
शलगमाचा पाव, शलगमाचा मुरंबा,
शलगम भाजून, दळून, त्याचीच कॉफी.
झोपेतही मी सोलतच असायची, ती सांगायची.
ग्रीकांबद्दल मात्र एवढंच:
"होते. थंडी वाजायची त्यांना."

उन्हाळ्यात बराकीत कर्णा आला.
बोला, प्राध्यापक म्हणाले, काहीही,
पण आपल्या गावच्या बोलीत, दोन मिनिटं.
कुणी गाणं म्हटलं. एकानं तंतुवाद्य छेडलं.
एकाला रडू आलं, ती तबकडी बाद.
झीसिस म्हणाला,
तंबाखू कसा ओवतात ते सांगतो.

मी कानांवर हेडफोन दाबून बसलेय,
समोर भाषांतराचा कागद.
आधी नुसती खरखर,
जशी तापल्या वाळूत कुणी फुटाणे परततंय.
मग तो.
अगदी जवळून. मधे एकदा खाकरतो.

"पानं पहाटे खुडायची. उन्हं आली की चिकटतात,
बोटं काळी पडतात, मग भाकरीही कडू लागते.
सुई हातभर लांब, चपटी.
देठाजवळच्या जाड शिरेतून ओवायचं,
पोटाला पोट, पाठीला पाठ,
नाहीतर एकमेकांना बिलगून कुजतात.
आई सुईकडे बघत नाही.
आई बघते दाराकडे, आणि मग"

इथे मेण संपलं.
एक सुई उचलली गेली.
दुसरी त्या बाईच्या मांडीवर तशीच.

पुढची तबकडी? मी विचारलं.
कपाटापाशी उभा मुलगा म्हणाला,
पुढच्या तबकडीवर क्रीटचा कुणी मेंढपाळ आहे.

एकोणीस साली जे परत गेले,
त्यांच्यातल्या काहींवर मायदेशात खटले भरले गेले.
जे राहिले, ते इथल्या दफनभूमीत
नाहीतर इथल्या बायकांच्या घरी.
दोन्ही याद्या मी बोट ठेवून वाचल्या.
तुलूपास कुठेच नाही.
आणि मला तो हवाय कशाला?
माझं नाक आजोबांसारखं आहे,
आजोबा बाउत्सेनचे, छत्र्या दुरुस्त करायचे.

पण छत्रीचीच एक काडी,
ठोकून ठोकून चपटी केलेली,
आजीच्या माळ्यावर खिळ्याला टांगलेली असायची.
शरद ऋतूत ती सशांसाठी
शलगमाची पानं वाळवायची.
गल्लीतल्या बाकीच्या बाया वर्तमानपत्रावर पसरत.
आजी ओवायची, देठाजवळच्या जाड शिरेतून,
पोटाला पोट, पाठीला पाठ.

मी टोपली घेऊन खाली बसलेली.
हे कुणी शिकवलं, म्हणून विचारलं एकदा.
तिचे हात चालूच राहिले.
ती बघत होती माळ्याच्या दाराकडे,
जिथे जिना होता, आणि जिन्यात कुणी नव्हतं,
आणि मग म्हणाली,
"पुढचं पान दे."